हत्तीची माळ आणि हेडहंटरचा फोन

सदर : व्यवहार आणि विवेक



धाराशिव जिल्ह्यातील माकणीहून एका श्राविकेचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात विद्युत वाहनांच्या बॅटरीचे काम पाहतो. शिक्षण संपताच याच कारखान्याने त्याला घेतले आणि चार वर्षे शिकवून हाताशी आणले. गेल्या महिन्यात त्याला एका अनोळखी बाईंचा फोन आला. मुलाने कुठेही अर्ज केलेला नव्हता. तरीही त्यांना त्याचे नाव, हुद्दा आणि कामाचा नेमका भाग ठाऊक होता. ‘‘या कामाचे कोणी जाणकार आपल्या माहितीत आहेत का?’’ असे त्यांनी विचारले. प्रश्न आपल्याच दिशेने आहे, हे बोलता बोलता मुलाच्या ध्यानात आले. पगार जवळजवळ दीडपट. मुलाने आईला विचारले आणि आईने आम्हाला. पत्रातील प्रश्न दोन आहेत. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्या पाठीमागे दुसऱ्याशी असे बोलणे ही चोरी नव्हे काय? आणि ज्यांना आपण ओळखत नाही, त्यांना आपल्या मुलाची इतकी माहिती कशी?

दुसरा प्रश्न आधी घेऊ. हा व्यवसाय कसा चालतो हे कळल्याशिवाय त्यात चोरी आहे की नाही, याचा निवाडा करता येणार नाही.

शब्द खटकतो, पण काम जुने आहे

या व्यवसायाला सर्रास ‘हेडहंटिंग’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ शिरांची शिकार. दुसऱ्याच्या आस्थापनेतील माणूस आपल्याकडे वळवण्यास जो शब्द वापरतात तो ‘पोचिंग’, म्हणजे चोरटी शिकार. सप्तव्यसनांत शिकार आणि चोरी ही दोन्ही मोजली जातात, त्यामुळे जैन घरातील कानाला हे शब्द खटकले तर नवल नाही. पण शब्द बाजूला ठेवला तर उरते ते एक जुनेच काम : मोठ्या जबाबदारीसाठी, स्वतःहून पुढे न आलेला योग्य माणूस शोधून काढणे.

आपल्या परिसराला तर ही गोष्ट मुळीच नवी नाही. धाराशिवच्या लेण्यांशी ज्याचे नाव जोडले जाते, तो राजा करकंडू आठवावा. मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात त्याची कथा आहे; डॉ. हिरालाल जैन यांनी ते संपादित केले आणि कारंजा ग्रंथमालेतून प्रकाशित झाले. करकंडू स्मशानाच्या आश्रयाने वाढला. दंतीपूरचा राजा निपुत्रिक वारला तेव्हा मंगल हत्ती मोकळा सोडण्यात आला आणि त्या हत्तीने राजपदासाठी या मुलाला निवडले. पुढे हाच करकंडू तेरापुरास आला आणि तेथील लेण्यांत त्याला पार्श्वनाथांच्या मूर्तीचे दर्शन घडले, असे कथा सांगते. अभ्यासक तेरापूर म्हणजे आजचे तेर मानतात. तेर तेरणेच्या काठी वसले आहे आणि त्याच तेरणेवर खाली माकणीचे धरण आहे.

‘हत्तीने माळ घातली आणि राजा झाला’ हे आपल्या लोककथांत इतके रुळलेले आहे की त्यामागील व्यवहार आपण विसरतो. दरबारातील प्रत्येकाचा आपापला उमेदवार असतो, म्हणून निवड अशा कुणाकडे सोपवायची की ज्याचा कुणी सगा नाही. आणि निवडला जातो तो सिंहासनाच्या रांगेत उभा नसलेला माणूस. आजचा हेडहंटर हेच काम करतो. फरक इतकाच की हत्तीला कारण विचारत नसत. हेडहंटरला प्रत्येक नावामागचे कारण लेखी द्यावे लागते आणि त्याचे शुल्कही ठरलेले असते.

जाणत्याला विचारा, तो दुसऱ्या जाणत्याकडे बोट दाखवील

भारतीय उद्योगाच्या इतिहासात अशा शोधाचे एक नामांकित उदाहरण आहे. जमशेटजी टाटा १९०२ साली अमेरिकेत गेले ते पोलाद कारखान्याची विद्या शोधत. पिट्सबर्ग येथे त्यांनी ज्युलियन केनेडी या ख्यातनाम अभियंत्याची गाठ घेतली. केनेडी यांनी सांगितले की आधी शास्त्रशुद्ध पाहणी हवी आणि ती चार्ल्स पेज पेरिन यांच्याकडून करून घ्यावी. जमशेटजी न्यूयॉर्कला पेरिन यांच्या कार्यालयात जाऊन उभे राहिले. पेरिन यांनी भारतात नोकरी मागितली नव्हती. तरी ते या कामात आले आणि जमशेदपूरच्या उभारणीशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. एका जाणत्याला विचारावे, त्याने दुसऱ्या जाणत्याकडे बोट दाखवावे आणि मग स्वतः जाऊन भेटावे, हीच रीत आजही या व्यवसायाचा कणा आहे.

पगारी व्यवसाय म्हणून हे काम दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उभे राहिले. बूझ अ‍ॅलन ही व्यवस्थापन सल्ला देणारी संस्था ग्राहकांना अधिकारीही शोधून देत असे. तेथून बाहेर पडून सिडनी बॉयडन यांनी १९४६ मध्ये, हाइड्रिक आणि स्ट्रगल्स यांनी १९५३ मध्ये, तर स्पेन्सर स्टुअर्ट यांनी १९५६ मध्ये स्वतःच्या संस्था काढल्या. आपल्याकडे १९६९ मध्ये कोलकात्यात एबीसी कन्सल्टंट्स सुरू झाली. १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली, परदेशी कंपन्या आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ जगभरच्या शोधसंस्थांनीही येथे कार्यालये थाटली.

फोन येण्यापूर्वी काय घडते

काम दोन प्रकारांनी दिले जाते. पहिल्या प्रकारात एकच जागा अनेक सल्लागारांना कळवली जाते. ज्याचा उमेदवार रुजू होईल त्याला मोबदला, बाकीच्यांचे श्रम वाया. मधल्या व खालच्या पदांसाठी ही रीत आहे. वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, हा आपल्याकडचा परिचित दर; पद जसे वर जाते तसा दरही चढतो. दुसऱ्या प्रकारात शोध एकाच संस्थेकडे सोपवला जातो. तिचे शुल्क सर्वसाधारणपणे पहिल्या वर्षाच्या एकूण वेतनाच्या एक तृतीयांशाच्या आसपास असते. ते तीन हप्त्यांत देतात आणि पहिला हप्ता काम हाती घेतानाच. पहिल्या प्रकारात वेगाला किंमत आहे, दुसऱ्यात चौकशीच्या खोलीला.

शोधाची सुरुवात माणसापासून होत नाही, पदापासून होते. हे पद कशासाठी, आधीचा माणूस का गेला, येणाऱ्याने पहिल्या वर्षात काय करून दाखवायचे, तो कोणाला उत्तरदायी राहील, हे सारे लिहून काढतात. मग अशा कामाची माणसे कोणत्या कंपन्यांत असतील याची यादी होते आणि त्या कंपन्यांतील विभागांचा नकाशा मांडला जातो. त्यानंतर सुरू होते विचारपूस. पूर्वीचे सहकारी, सुटा माल पुरवणारे, यंत्रे विकणारे, परिषदांतील वक्ते, महाविद्यालयातील प्राध्यापक, अशा अनेकांना एकच गोष्ट विचारली जाते : या कामात तुम्ही कुणाला मानता? पेटंटच्या अर्जावर शोधकर्त्यांची नावे जाहीर असतात, शोधनिबंधांवर असतात, लिंक्डइनवर तर आपण आपली आपणच लिहून ठेवतो. जे नाव तीन वेगळ्या तोंडांतून येते, त्याला फोन जातो. पत्रलेखिकेच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. मुलाची माहिती कुणी चोरली नाही; त्याच्यासोबत काम केलेल्यांपैकी कुणीतरी त्याचे नाव आदराने घेतले असणार.

पहिल्या फोनवर कंपनीचे नाव बहुधा सांगत नाहीत. ‘‘तुमच्या माहितीत कोणी आहे का?’’ हा प्रश्नही मुद्दाम तसा असतो. माणसाला अवघड न वाटता आपली इच्छा सांगता यावी आणि इच्छा नसेल तर दुसरे नाव सुचवता यावे. काही डझन नावांतून तीन-चार नावे कंपनीसमोर जातात. मुलाखती होतात. उमेदवाराने दिलेल्या संदर्भांकडे तर चौकशी होतेच, शिवाय पूर्वी त्याच्यासोबत काम केलेल्या इतरांकडेही. देकार निघतो; तेव्हा जुनी कंपनी जागी होते आणि पगार वाढवून देऊ म्हणते. आपल्याकडे राजीनाम्यानंतरची मुदत पुष्कळ ठिकाणी ९० दिवसांची असते, त्यामुळे हा ओढाताणीचा काळ लांबतो. नवा माणूस ठरलेल्या अवधीत सोडून गेला, तर शोधसंस्था वेगळे शुल्क न घेता दुसरा शोधून देते. आणि एक शिस्त अशी की ज्या कंपनीचे काम केले, तिच्यातील माणसे वर्ष-दोन वर्षे उचलायची नाहीत.

यात एक गोष्ट प्रत्येक पालकाने पक्की ध्यानात ठेवावी. हेडहंटरला पैसे कंपनी देते. म्हणून तो कितीही गोड बोलला तरी कंपनीचा माणूस आहे, तुमच्या मुलाचा वकील नव्हे. आणि त्याच कारणाने जो उमेदवाराकडे नोंदणी, प्रशिक्षण वा ‘हमी’ म्हणून पैसे मागतो, तो हेडहंटर नसतो. त्याचा फोन तेथेच ठेवावा. परदेशातील नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे सरकारी नोंदणी लागते. ती पाहिल्याखेरीज कागद देऊ नये.

उतारा बोलतो

हे सारे पुण्या-मुंबईचे, असे माकणीच्या वाचकांना वाटेल. तसे नाही. आपल्या उसाच्या पट्ट्यात ही विद्या कुणी शिकवल्याशिवाय चालते. साखर कारखान्यातील चीफ केमिस्ट, चीफ इंजिनिअर, पॅनवर उभा राहणारा पॅनमन ही खास कौशल्याची माणसे. ऊस तोच, पाऊस तोच, तरी एका कारखान्याचा साखर उतारा शेजाऱ्यापेक्षा चांगला पडला की चहाच्या टपरीवर प्रश्न निघतो : तिथे केमिस्ट कोण आहे? पुढच्या गळीत हंगामाआधी त्या माणसाला दोन-तीन ठिकाणांहून निरोप आलेले असतात. त्याने अर्ज केलेला नसतो; उताऱ्याने त्याचा अर्ज केलेला असतो.

याच क्षेत्रात निवडीची दुसरी रीतही दिसते. सहकारी साखर कारखान्याच्या कार्यकारी संचालकपदासाठी शासनमान्य नामतालिका असते. पात्रता तपासून, परीक्षा व मुलाखत घेऊन तीत नावे घेतात आणि संचालक मंडळाने त्यांतून निवड करायची असते. नामतालिका दार सर्वांना उघडे ठेवते. पात्र असेल त्याने यावे आणि परीक्षा द्यावी. कानोकानी होणारा शोध मात्र ज्याचे नाव कुणी घेतले त्याच्यापर्यंतच पोचतो. दोन्हींचे गुणदोष आहेत. नामतालिकेत माणसाची पात्रता कळते, पण अडचणीत तो कसा वागतो हे कळत नाही. कानोकानीच्या शोधात वागणूक कळते, पण ज्याचे नाव घेणारा कुणी नाही तो गुणी माणूस अंधारात राहतो.

मग चोरी कुठे सुरू होते?

आता पहिला प्रश्न. अदत्ताचे आदान, म्हणजे न दिलेले घेणे, ती चोरी. माणूस ही कुणाची मालमत्ता नाही. मालक त्याला देऊ शकत नाही, दुसरा त्याला उचलू शकत नाही. आपले श्रम कुठे द्यायचे हे तो स्वतः ठरवतो. फोन ऐकणे, चौकशी करणे, रीतसर राजीनामा देऊन जाणे यांत अचौर्याणुव्रताचा भंग नाही. मीठ खाल्ले त्याला जागायचे ते काम करीत असेपर्यंत पूर्ण मनाने काम करून. जन्मभर तेथेच राहण्याचे वचन त्या मिठात नसते.

पण तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात व्रतांचे जे अतिचार सांगितले आहेत, ते या व्यवहाराला लावून पाहिले की सीमारेषा स्पष्ट दिसते. नवी कंपनी जर म्हणाली की येताना जुन्या कारखान्याची आरेखने, दरपत्रके वा ग्राहकांची यादी घेऊन या, तर तो स्तेनप्रयोग झाला. दुसऱ्याला चोरीस प्रवृत्त करणे. ती वस्तू घेणारी कंपनी तदाहृतादानाची धनी. बायोडेटात न केलेले काम लिहिणे, पगाराची खोटी पावती जोडणे ही कूटलेखक्रिया. विश्वासाने हाती सोपवलेली गोष्ट आपली म्हणून वापरणे हा न्यासापहार. आणि उमेदवार नोकरी बदलू पाहतो आहे, ही गोष्ट हेडहंटरने इतरांच्या कानी घालणे, किंवा ग्राहक कंपनीचा गुप्त बेत उमेदवाराने चारचौघांत फोडणे, हे साकारमंत्रभेदाच्या जवळ जाते. एवढ्या शतकांपूर्वी व्यापारी गृहस्थांसाठी केलेली ही मांडणी आजच्या मानव संसाधन विभागाच्या भिंतीवर लावावी इतकी नेमकी आहे.

देशाचा कायदाही जवळजवळ याच रेषेवर उभा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ व्यवसायाला बंदी घालणारे करार निरर्थक ठरवते. त्याची कसोटी लागली ती आपल्या कल्याणमध्ये. तेथील सेंच्युरी रेयॉन कारखान्याने हॉलंड आणि पश्चिम जर्मनीतील कंपन्यांकडून टायर-कॉर्ड धाग्याचे तंत्र गुप्ततेच्या अटीवर घेतले होते. त्या विभागात पाच वर्षांच्या करारावर नेमलेला, तेथेच प्रशिक्षण घेतलेला एक शिफ्ट सुपरवायझर मुदत संपण्यापूर्वीच, १९६४ मध्ये, राजस्थानात कोटा येथील प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. जानेवारी १९६७ मध्ये न्यायालयाने सांगितले की कराराच्या मुदतीत दुसरीकडे तेच काम न करण्याची अट ही व्यवसायबंदी नव्हे. ती पाळली पाहिजे. नोकरी संपल्यानंतरही अमुक वर्षे या क्षेत्रात पाऊल टाकू नये, ही अट मात्र आपली न्यायालये सहसा मान्य करत नाहीत. गुपिते जपण्याचे बंधन नोकरीनंतरही राहते. प्रशिक्षणाच्या वा भरतीच्या खर्चापोटीच्या बाँडचे काय? तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची एका सरकारी बँकेची अट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. तेव्हा मुलाने प्रथम आपले नियुक्तिपत्र काढून वाचावे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. एकमेकांची माणसे घ्यायची नाहीत, असे मालकांनी आपसांत ठरवणे काहींना सज्जनपणाचे वाटते. अमेरिकेत अ‍ॅपल, गुगल, इंटेल, अ‍ॅडोबी या कंपन्यांवर नेमका हाच आरोप आला. २०१० मध्ये सरकारने कारवाई केली आणि २०१५ मध्ये अभियंत्यांच्या दाव्यात या चार कंपन्यांना ४१.५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. नोकराच्या फोनची वाट मालकांनी गुपचूप बंद करणे, हेही त्याच्या हक्काचे त्याला न देणेच होय.

म्हणून त्या मातेला आमचे सांगणे असे. मुलाने फोन अवश्य ऐकावा. बोलणे कामाच्या वेळेत आणि कारखान्याच्या फोनवर करू नये. आपण काय काम करतो ते सांगावे. कारखाना ते कसे करतो, याची गुपिते सांगू नयेत. बोलावणाऱ्या कंपनीचे नाव कळेपर्यंत बायोडेटा देऊ नये आणि ‘माझ्या संमतीशिवाय तो कुणाकडेही पाठवू नये’ हे लेखी कळवावे. पहिला प्रश्न पगाराचा नसावा. आधीचा माणूस का गेला, हा असावा. जायचे ठरले तर देकार लेखी हाती आल्यावरच राजीनामा द्यावा आणि राजीनाम्यानंतरची मुदत पूर्ण करून, हातातील काम दुसऱ्याला शिकवून निघावे. जुन्या कंपनीने पगार वाढवून देऊ केल्यास, हा पगार मागील वर्षी का सुचला नाही, एवढे स्वतःला विचारून मग निर्णय घ्यावा. आणि न जायचे ठरले तर फोन करणाऱ्या बाईंना दुसरे एक योग्य नाव सुचवावे.

ज्यांचे नाव कुणी घेत नाही

शेवटच्या सूचनेवर जरा थांबतो, कारण आमच्या मते या व्यवसायातील खरा अन्याय तेथे आहे. शोध ओळखींच्या जाळ्यातून चालतो. ज्या मुलाचे शिक्षक, मामा, शेजारी कुणीच त्या जाळ्यात नाहीत, त्याचे नाव तीन तोंडांतून कसे यावे? लोहारा-उमरग्याकडची मुले कष्टात कमी नाहीत. कमी असतात ती त्यांचे नाव घेणारी माणसे.

अशा वेळी समाजाने काय करावे, याचे उदाहरण याच भूमीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा पट्टा भूकंपाने उद्ध्वस्त झाला. त्यानंतर भारतीय जैन संघटनेने शांतीलाल मुथा यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातील १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्यात आणली. वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र त्यातून उभे राहिले. त्या मुलांनी कुठे अर्ज केला नव्हता. कुणीतरी त्यांच्या दारापर्यंत गेले. हेडहंटर तयार माणूस शोधतो आणि त्याचे शुल्क घेतो. येथे समाजाने घडायची असलेली माणसे शोधली. दोन्हींत समान आहे ते एकच : शोधणाऱ्याने चालत जाणे.

आज त्याची छोटी आवृत्ती प्रत्येक मंडळाला शक्य आहे. पुण्यात, मुंबईत, बंगळुरूत वरच्या पदांवर असलेल्या आपल्या बंधुभगिनींनी वर्षातून एकदा गावाकडच्या दहा-वीस तरुणांशी त्यांच्या कामाविषयी तासभर बोलावे. नोकरी लावून द्यावी असे नाही, केवळ ओळखावे. पुढे त्यांना जेव्हा फोन येईल, ‘‘तुमच्या माहितीत कोणी आहे का?’’, तेव्हा एखादे नवे नाव ओठावर असेल. आणि ते नाव गुणावर घ्यावे. आपल्या समाजाचा म्हणून अपात्राची शिफारस केली, तर तो मिथ्योपदेशच आहे, आणि पुढच्या पात्र मुलाचे दार त्याने बंद होते.

पेढीवर बसणाऱ्यांसाठी दोन शब्द

आपल्या वाचकांत नोकरी करणाऱ्यांइतकेच पेढी, दुकान, कारखाना चालवणारेही आहेत. ‘‘माणसे टिकत नाहीत, पळवून नेतात’’ ही त्यांची तक्रार. जो माणूस पळवला जातो, तो बहुधा आधी मनाने निघालेला असतो; फोन हे निमित्त. पगार बाजाराच्या खाली, निर्णयाचा अधिकार शून्य आणि वरची प्रत्येक खुर्ची घरच्यांसाठी राखलेली, असे असेल तर हेडहंटरला फार कष्ट पडत नाहीत.

सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी घरचा व्यापार सोडून बांधकामाची कंत्राटे घ्यायचे ठरवले, तेव्हा भागीदार निवडले ते रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक. ना नातेवाईक, ना जातभाई. काम जाणणारा माणूस. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हाचे सहकारीही असेच. शंभूराव जांभेकर यंत्रांचे जाणकार ठरले. कारकून म्हणून आलेले मंगेशराव रेगे व्यवस्थापक झाले. प्रमाणपत्राच्या पलीकडे माणूस ओळखण्याची ही नजर कोणत्याही शुल्कात विकत मिळत नाही.

आणि बाहेर शोधण्याआधी घरात पाहावे. टाटा सन्सने २०१० मध्ये रतन टाटा यांचा उत्तराधिकारी शोधण्यासाठी पाच जणांची समिती नेमली. देशविदेशांतील नावे चाचपली गेली. २०११ मध्ये निवड झाली ती समितीचेच एक सदस्य असलेल्या सायरस मिस्त्री यांची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणावे, तर पुढे २०१६ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि वाद न्यायालयात गेला. एवढ्या मोठ्या शोधालाही शेवटी माणूस आणि संस्था यांचे जमेल की नाही हे छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून नवा व्यवस्थापक आणताना पद आधी नीट लिहून काढावे, अधिकार आणि मर्यादा घरच्यांसमोर ठरवाव्यात आणि पहिले वर्ष त्याच्या पाठीशी उभे राहावे. अन्यथा एक तृतीयांश शुल्क भरून आणलेला माणूस दुसऱ्या वर्षी दुसऱ्याच हेडहंटरच्या यादीत दिसेल.

आपली पेढी सोडून एखादा जाणार असेल, तर त्याला अडवण्याआधी एक कप चहा पाजून कारण विचारावे. जाताना त्याचा हिशेब चोख करावा, अनुभवपत्र वेळेवर द्यावे आणि मनापासून क्षमापना करावी. उद्या कुणीतरी त्याला विचारील, ‘‘त्या पेढीवर काम करणे कसे आहे?’’ तेव्हा संदर्भ देणारा तो असेल आणि तपासली जाणारी पेढी आपली असेल.